पुलाचा वाटा

लग्नानंतर दुसऱ्याच आठवड्यात सासरच्या गावी जेवायला बोलावणं आलं, तेही गावातल्या घरी नाही, नाल्यापलीकडे थोरल्या नणंदेकडे. नव्वदीच्या दशकाची सुरुवात होती. नाशिकहून सटाणा, सटाण्याहून दुसरी एसटी, फाट्यापासून पुढे पायी. मोसम नदीच्या खोऱ्यातलं गाव. नाल्यापाशी पोचलो तसे नवऱ्याने चपला काढून हातात घेतल्या. मला वाटलं देऊळ आलं. कळस शोधला, दिसला नाही. समोर नुसता एक दगडी पूल होता.

“चपला कशाला?”

“वरून पिकाचं पाणी जातं.”

मग मीही काढल्या. पूल रुंदीला जेमतेम. अर्ध्या अंगाला दगडात कोरलेली पन्हळ, तिच्यातून पाट वाहत होता. उरलेल्या अर्ध्या अंगावरून माणसांनी चालायचं. समोरून डोक्यावर चाऱ्याचा भारा घेतलेली बाई आली तेव्हा आम्ही कठड्याला टेकून उभे राहिलो. बाई गेली, पाणी चाललंच होतं. मी खाली वाकून कमानी बघायला लागले. नवरा म्हणाला, “चल, आक्का वाट बघत असेल, पूल कुठे पळून जात नाही.”

ही आक्का म्हणजे माझी थोरली नणंद. गावातल्या गावात दिलेली, कमी वयात विधवा झालेली, आणि नाल्यापलीकडचं अगदी शेवटचं वावर एकटीने कसणारी. तिने मला पाटावर बसवलं, वाढलं, आणि पहिलाच प्रश्न विचारला, “नाशिकमा काय काम करस तू?”

मी सांगितलं. नाशिकला एका सरकारी कचेरीत मी नकाशे काढायचे. लहान बंधारे, मोऱ्या, संरक्षक भिंती. साहेब लोक हिशेब करायचे, मी ते कागदावर आणायचे. या नोकरीमुळे एक सवय लागली होती. कोणतंही बांधकाम दिसलं की माझी नजर आधी पायाकडे जाते, मग पाणी कुठून येतं आणि कुठून जातं याच्याकडे, आणि दिसतं कसं हे सगळ्यात शेवटी.

आक्काने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मंग आम्हना पूल देख. असा कागदवर काढी दाखाड.”

ते मी पुढच्या दिवाळीत केलं. सासरी चार दिवस नुसतं बसून फराळ खाणं मला जमत नाही. सोबतीला धाकटा दीर होता. शेती तोच बघायचा. माझा नवरा बँकेत, नाशिकला. भाऊजी उत्साही माणूस. कोणतंही काम निघालं की चार पोरं गोळा करून सगळ्यांच्या पुढे. टेपचं एक टोक धरून ते नाल्यात उतरले आणि वरून जाणाऱ्या प्रत्येकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “वहिनी, पुलाची मापं घेऊन ब्लाउज शिवताय का?”

“तुमच्याच अंगाला शिवीन. टेप ताणून धरा.”

तीन कमानी. तिन्ही वेगळ्या रुंदीच्या. पहिल्यांदा मला वाटलं, कारागीर कच्चा होता. मग खांबांच्या मुळाशी गेले तेव्हा कळलं. नाल्याच्या तळात कातळ सलग नाही. मध्ये मध्ये वाळूची आणि गाळाची भरती आहे, आणि जिथे काळा कातळ वर आला आहे नेमका तिथेच खांब बसवलेला आहे. कातळात खाच पाडून पहिला थर त्या खाचेत उतरवला आहे, दाढ हिरडीत बसावी तसा. आमच्या कचेरीत आधी तीन सारखे गाळे कागदावर काढायचे आणि मग पाया खोदत कातळ शोधत बसायचं अशी रीत होती. या माणसाने कातळ शोधला आणि कमानी त्याप्रमाणे लहानमोठ्या केल्या. त्यामुळेच वरून पाहिलं तर पूल सरळही नाही. मधल्या दोन खांबांपाशी प्रवाहाच्या विरुद्ध बाजूला जरा बाक घेतो. पुराचं पाणी ज्या बाजूने ढकलतं त्या बाजूला पूल पोट पुढे काढून उभा आहे. हे ठरवून केलं की कातळ तिथे होता म्हणून झालं, मला सांगता येणार नाही. काम मात्र दोन्ही अर्थांनी पक्कं.

प्रवाहाच्या अंगाला प्रत्येक खांबाला होडीच्या नाकासारखं टोक आहे. पाणी त्यावर फाटतं आणि दोन बाजूंनी निघून जातं. टोकाचे दगड बाकीच्यांपेक्षा मोठे आणि अधिक गुळगुळीत, कारण मार तेच खातात.

पन्हळ तर माझ्या फार आवडीची. प्रत्येक दगडाच्या एका टोकाला जीभ आणि दुसऱ्या टोकाला खोबण. एकाची जीभ पुढच्याच्या खोबणीत बसलेली, कौलावर कौल चढवतात तशी, पाण्याच्या दिशेने उतरती. गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी पाण्याने भरून मी उतार तपासला. या टोकापासून त्या टोकापर्यंत उतार इतका हलका की डोळ्याला कळत नाही, आणि कुठेही मोडलेला नाही. उतार जास्त असता तर पलीकडे पाणी खालच्या पातळीवर पोचलं असतं आणि वरची वावरं कोरडी राहिली असती. कमी असता तर गाळ बसला असता. हे सगळं डोळ्याने, दोरीने आणि पाण्याने साधलेलं. मी त्या दिवशी नळी गुंडाळताना त्या माणसाला मनातल्या मनात नोकरीत घेतलं.

पूल कोणी बांधला हे गावात कोणाला माहीत नाही, पण सांगायला सगळे तयार. आमच्याकडे कोणतीही जुनी दगडी वस्तू दोन-तीन ठरावीक नावांवर जमा होते. कोणी म्हणे मुल्हेरच्या किल्ल्यावर बागलाणचे राजे होते तेव्हाचा. कोणी म्हणे एका रात्रीत देवांनी बांधला आणि कोंबडा आरवला म्हणून कठडा अपुरा राहिला. शिलालेख नाही. मी जे बघितलं ते एवढंच की कमानी टोकदार आहेत, मशिदीत असतात तशा, आणि मधल्या कमानीच्या माथ्यावरच्या, कळीच्या दगडावर कमळ कोरलेलं आहे. म्हणजे तशी कमान या भागात रुळल्यानंतरचं काम. त्यात मला फार मोठा अर्थ दिसत नाही. कारागिराला जी कमान येत होती ती त्याने केली, आणि जे फूल येत होतं ते कोरलं. दगडांच्या तोंडावर छिन्नीच्या खुणा आहेत, कुठे मासा, कुठे बाण, कुठे नुसत्या दोन रेघा. ज्याने त्याने आपला घडलेला दगड ओळखावा म्हणून असाव्यात. माशाची खूण असलेल्या माणसाचे दगड सगळ्यात चांगले. ते आजही ओळखू येतात, सांध्यात नख जात नाही.

आणि दोन्ही बगलांच्या भिंतींत, कमानींच्या खांद्यापाशी, लहान चौकोनी भोकं होती. काडेपेटी आत जाईल एवढी. पाट चालू असला की त्यांतून पाणी ठिबकायचं. खाली नाल्यात त्या ठिबकण्याने हिरवळ धरलेली असायची आणि शेळ्या तिथेच घोटाळायच्या. मी भोकंसुद्धा नकाशावर घेतली. भाऊजी म्हणाले, “ती नका काढू. आमच्या पुलाची बदनामी. म्हातारा झाला, गळतोय.”

आक्का वरून ओरडली, “गळस ते मना वाटानं गळस!”

गळतं ते तिच्याच वाट्याचं, हे खरं होतं, आणि पुढचं सगळं त्यावरच घडलं. म्हणून इथली पाण्याची रीत थोडक्यात सांगते. नदीवर वरच्या अंगाला जुना बंधारा आहे. त्यातून पाट निघतो. शिवाराचे मोठे भाग पाडलेले आहेत, त्यांना फड म्हणतात. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, म्हणजे सगळ्यांना पाणी एकाच सुमाराला लागतं. पाणी पाळीने मिळतं, आणि पाळी पाटकरी देतो. पाटकरी गावानेच नेमलेला. त्याच्या शब्दावर सख्खे भाऊ भांडत नाहीत, निदान त्याच्यासमोर नाही. पलीकडचा फड लहान आणि शेपटाला. पाटाला नाला आडवा येतो, म्हणून पूल. पूल ओलांडून पाणी एकेक वावर भिजवत जातं आणि सगळ्यात शेवटी आक्काच्या बांधावर पोचतं. पुलावर जे सांडेल, ठिबकेल, जिरेल, ते शेवटी तिच्याच वाफ्यांतून वजा होतं. पाळी संपली की संपली.

नव्वदीच्या उत्तरार्धात एक वर्ष पाऊस ओढला. पाट बारीक झाला. अशा वर्षी इथली माणसं पाण्याकडे ज्या नजरेने बघतात ती नाशिकच्या माणसाला नाही समजत. हात धुतलेलं पाणी तुळशीला, तुळशीचं उरलेलं कोंबडीला. त्या नजरेने भाऊजींनी पुलाकडे पाहिलं आणि ती भोकं त्यांना सहन होईनात. डोळ्यांसमोर पाणी वाळूत चाललं आहे आणि बहिणीचा गहू पिवळा पडतो आहे. त्यांनी पोरं जमवली, सिमेंट आणलं, पाट बंद असताना झाडून सगळी भोकं बुजवली. वर पन्हळीला आतून गिलावा केला आणि चालायच्या पट्टीवरही सिमेंट ओढलं. पाणी सुटलं तेव्हा पुलाखाली एक थेंब नाही. आक्काच्या वावरात त्या वर्षी पाणी शेवटच्या वाफ्याला पुरून उरलं. तिने भावाला पुरणपोळीचं जेवण घातलं. गावाने पारावर त्यांना मानाचा नारळ दिला. फोनवर भाऊजी मला म्हणाले, “वहिनी, तुमच्या नकाशातली भोकं आता खोडून टाका.”

मी तेव्हा काही बघितलं नव्हतं. मुलगी लहान होती, कचेरीत कामाचा ढीग, आणि गावाला नवराच एकटा जाऊन यायचा. दोन-तीन वर्षं मी तिकडे फिरकले नाही. कोणालाही विचारावं असं काही घडलंही नव्हतं. गिलावा म्हणजे दुरुस्ती, असंच सगळे समजतात.

दोन हजार सालानंतरच्या एका दिवाळीला गेले तेव्हा पुलापाशी माणसं उभी होती. वरच्या अंगाची बगलेची भिंत, पहिल्या आणि मधल्या कमानीच्या मध्ये, बाहेर आली होती. पोट सुटल्यासारखी. सांध्यांतून पांढरा क्षार उतरलेला. एक दगड तर अर्धा बाहेर लोंबत होता. पाटकरी म्हणजे साठीचा, अगदी कमी बोलणारा माणूस. त्याने एकच वाक्य सांगितलं होतं, “यंदा पुलावर पाणी सोडणार नाही.”

न सोडणं बरोबर होतं. पन्हळ भरली की तेवढा भार वाढणार, आणि भिंत गेली तर कमान जाणार. पण आक्काने गव्हासाठी रान तयार केलं होतं, कांद्याचं रोप टाकलं होतं. गव्हाला उशीर चालत नाही आणि रोप वाट बघत नाही. पलीकडे विहिरी होत्या, पण ज्यांच्या होत्या त्यांच्या. तिची नव्हती. गावात दुसरं बोलणं सुरू झालं होतं, की पूल पाडून टाकावा, खांब उभारून लोखंडी पाइप टाकावा. अर्ज करायचा, मंजुरी येईल. आक्का म्हणाली, “मंजुरी येई तवलोंग मी काय खाऊ? पाइप?”

मी नाल्यात उतरले. भिंतीला हात लावला. पाऊस जाऊन महिना झाला होता तरी दगडांचे सांधे गार आणि ओले. भोकांवर सिमेंटचे चौकोनी डाग, एकेक पदक लावावं तसे. वर चढून पाहिलं तर पन्हळीतला गिलावा प्रत्येक सांध्यावर तडकलेला होता. काळा दगड उन्हात फुगतो, थंडीत आखडतो, जिभा खोबणीत जराशा हलतात, आणि सांध्यातला चुना ते सोसतो. सिमेंट सोसत नाही. म्हणजे पाणी आत जायला वाट होती आणि बाहेर यायला नव्हती.

अशा पुलाच्या पोटात काय असतं हे बाहेरून कळत नाही. बगलांच्या दोन भिंती घडीव दगडाच्या, मध्ये गोटे, मुरूम आणि चुना यांचा भराव. वरचं पाणी थोडं ना थोडं झिरपणारच, हे बांधणाऱ्याने आधीच धरलेलं होतं. ते साचू नये, भराव फुगू नये, म्हणून खांद्यापाशी भोकं. ज्या भिंतींचे नकाशे मी रोज काढायचे त्यांतही ती असतात. या माणसाने ती किती बेताने ठेवली होती हे आता दिसलं. प्रत्येक भोक कमानीच्या पाठीवरून पाणी जिथे घरंगळून येईल नेमक्या त्या खालच्या कोनात होतं.

संध्याकाळी मारुतीच्या पारावर सगळे जमले. मी सरळच सांगितलं, “भोकं उघडली नाहीत तर येत्या पावसाळ्यात पूल जाईल. उघडली तर भिंत उतरवून पुन्हा रचता येईल.”

भाऊजी ताडकन उठले. “वहिनी, राग मानू नका. नाशिकला तुम्ही नळ सोडून दात घासता. तुम्ही आम्हाला पाणी सांडायला शिकवणार?”

सगळे हसले. मीही हसले, कारण ते खरं होतं.

“भिंत म्हातारपणाने सुटली,” भाऊजी म्हणाले. “पुलाच्या पोटात पाणी असूच शकत नाही. मी स्वतः गिलावा केलाय.”

“मग एकच भोक फोडून बघा. कोरडं निघालं तर मी गप्प.”

“फोडतो. उद्या सकाळी फोडतो. सगळ्यांनी या.”

सकाळी खरंच सगळे आले. भाऊजी दिवाळीचे पांढरे कपडे घालून, छिन्नी आणि हातोडा घेऊन. भिंत जिथे सुटली होती तिथलं भोक मी फोडू दिलं नाही, लांबचं एक निवडलं, पलीकडच्या काठाजवळचं. त्यांनी वर बघून सगळ्यांना रामराम घातला आणि छिन्नी लावली. सिमेंटचा तुकडा दोन-तीन घावांत हलला. चौथ्या घावाला तो स्वतःच बाहेर आला आणि त्याच्यामागून तांबड्या गाळाची पिचकारी सुटली, थेट भाऊजींच्या छातीवर. ते मागे सरकले, घसरले आणि बसले. पिचकारी चालूच. मग वरून आक्काचा आवाज आला.

“कोल्लं शे का रे भाऊ?”

कोरडं आहे का, असं ती विचारत होती. सगळा नाला हसला. भाऊजी चिखलात बसल्या बसल्या त्या भोकाकडे बघत राहिले. पाणी थांबेना. मग त्यांनी तोंड पुसलं आणि मला म्हणाले, “पुढचं कोणतं फोडू?” या माणसाची ही गोष्ट मला आवडते. त्यांनी त्या दिवशी आपल्या हाताने बुजवलेली सगळी भोकं आपल्याच हाताने फोडली, दुसऱ्याला छिन्नी दिली नाही.

इथवर मला वाटलं की काम झालं, आता फक्त गवंडीकाम. पण आक्काचं गणित वेगळं होतं. पूल ठिबकणार म्हणजे तिचं पाणी पुन्हा कमी होणार. सिमेंटची वर्षं तिने बघितली होती. पूल पडला तरी तिचं नुकसान, पूल टिकला तरी तिचंच. दुपारी पारावर भिंत कशी उतरवायची याचं बोलणं चाललं असताना ती आली, बायकांच्या बाजूला न बसता मधोमध उभी राहिली.

“भोकं उघडी ठेवा,” ती म्हणाली. “पन पूल पाझरना का मंगच मनी पाळी मोजानी.”

पाटकऱ्याने मान वर केली. पाळी मोजायची ती गावाच्या बाजूची पाटाची फळी उचलली त्या क्षणापासून. पाणी पुलापर्यंत यायला, पन्हळ भरायला, पूल भिजायला जो वेळ लागेल तो पलीकडच्यांच्या पाळीतून वजा. आक्काचं म्हणणं होतं की तिच्या सासऱ्याच्या काळी तसं नव्हतं. पूल पाझरू लागेपर्यंतचं पाणी सगळ्या गावाचं, पुलाचा वाटा म्हणून. पहिला थेंब पडला की मग पलीकडची पाळी सुरू.

“असं कधी ऐकलं नाही,” एक जण म्हणाला.

“तू तधळ पाळनामा व्हता,” आक्का म्हणाली. तेव्हा तो पाळण्यात होता म्हणे.

“पुरावा काय?”

“पुरावा तो देख. त्याले भोकं कशाले ठेवेल शेतस? शेळ्यासना करता?”

पुलाच्या भरावाचं पाणी बाहेर जावं म्हणून ती भोकं होती, हे मी आदल्याच दिवशी सांगितलं होतं. पण माझ्यासारख्या नाशिकच्या कचेरीतल्या बाईने आता तोंड उघडायचं कारण नव्हतं. तिच्या सासऱ्याच्या काळी तशी रीत खरंच होती का, मला आजही माहीत नाही. आक्काच्या वयाची पलीकडची दुसरी माणसं उरली नव्हती, आणि नाल्याअलीकडच्यांना ते आठवण्यात काही फायदा नव्हता. तिने ती रीत तिथेच उभ्या उभ्या रचली असेल तर मी तिला पुलाच्या कारागिरापेक्षा कमी मानणार नाही. पाणी सांडणार हे धरूनच चालायचं, आणि ते कोणाच्या नावावर सांडणार हे आधी ठरवायचं. आमच्या साहेबांना हे कधी सुचलं नाही.

अलीकडचे कुरकुरले. मग भाऊजी बोलले. त्यांचं स्वतःचं वावर अलीकडे होतं, म्हणजे त्यांचंही पाणी कमी होणार होतं. ते म्हणाले, “आक्का सांगते तसं असेल. मी भोकं बुजवली आणि पाझरणंच बंद झालं, मग कोणाला काय दिसणार?” ते काही खरं उत्तर नव्हतं, सिमेंटच्या आधीही पाळी फळीपासूनच मोजायचे. पण सगळ्या गावाने मानाचा नारळ दिलेला माणूस उभा राहून बोलला होता. पाटकरी म्हणाला, “ठीक. पण थेंब मी बघणार. आक्का नाही.”

दुरुस्तीला घरटी एक माणूस आला, दर वर्षी पाट साफ करायला येतो तसाच. सटाण्याहून दगडकाम जाणणारे दोन गवंडी आणले. कमानींखाली लाकडाचे टेकू दिले, सुटलेल्या भागावरची पन्हळ उचलली, ओला भराव घमेल्यांनी उपसला, आणि भिंतीचे दगड एकेक करून उतरवले. उतरवताना प्रत्येकावर खडूने खूण केली, म्हणजे परत तिथेच बसेल. एवढा मोठा दगड दोन माणसं उचलत होती आणि त्याच्या आतल्या, कोणाला कधी न दिसणाऱ्या तोंडावरसुद्धा मासा कोरलेला होता. गवंड्यांनी सिमेंट मागितलं, मी दिलं नाही. चुना विझवला, विटांची भुकटी मिसळली, सगळं तुडवून तुडवून लोण्यासारखं केलं. बायका भराव चाळत होत्या. मी रजा वाढवून घेतली. कचेरीत कारण लिहिलं, घरगुती अडचण. भिंत परत चढली तेव्हा सांधे आधीइतके बारीक जमले नाहीत. जवळून बघितलं की आमचं काम कोणतं आणि त्याचं कोणतं हे लगेच कळतं. ते तसंच दिसत राहिलं तरी हरकत नाही. नंतर काही वर्षांनी नाल्यावर खालच्या अंगाला मोटारींसाठी सिमेंटचा रुंद पूल झाला. तो सरळ आहे. त्याचं काही वाईट नाही, पण त्याच्याकडे कोणी वाकून बघत नाही.

चुन्याला जेवढा वेळ द्यायला हवा होता तेवढा देता आला नाही. गहू थांबेना. आक्काने कोरड्यात पेरून टाकलं होतं, पाण्याच्या भरवशावर. पाणी आलं नाही तर बियाणं मातीत गेलं. पाटकऱ्याने पाटात आधी अर्धंच पाणी सोडलं.

पूल बघायला अर्धं गाव नाल्यात. पाणी आलं, पन्हळीत शिरलं, पलीकडे गेलं. भिंत कोरडी. मी टेकूंकडे बघत होते, भाऊजी भिंतीकडे, आक्का भोकांकडे. पाटकरी मनगटावरचं घड्याळ पुढे करून उभा. बऱ्याच वेळाने मधल्या कमानीच्या खांद्यापाशी असलेल्या भोकाची कड काळी झाली.

“पाझरना!” आक्का ओरडली.

“ओल आहे ती. थेंब नाही.”

“ओल म्हनजे काय ऊन शे का?”

“थेंब म्हणजे थेंब.”

“बाई, तुम्ही सांगा,” कोणीतरी मला म्हणालं. मी म्हटलं, “पुलाचं मी सांगते, पाळीचं तुमचं तुम्ही बघा.” तेवढ्यात थेंब सुटला आणि खालच्या दगडावर टपकन पडला. पाटकऱ्याने घड्याळात पाहिलं आणि मान हलवली. आक्का तोपर्यंत फावडं खांद्यावर टाकून वावराकडे निघाली होती.

मी मागाहून गेले. वाटेतली वावरं भिजत चालली होती. तिच्या बांधावर पाणी पोचलं ते बारीक, पण पोचलं. ती एकेका वाफ्याचं तोंड फोडायची, भरला की मातीने बांधायची, पुढचं फोडायची. भाऊजी पुलावरून धावत आले. पाळी संपत आली होती आणि शेवटचा वाफा अजून कोरडा होता. बघण्याच्या नादात ते सरळ भिजलेल्या वाफ्यात उतरले.

“निंघ मना वावरमाईन!” आक्का कडाडली. “गहू पेरेल शे तठे!”

ते उडी मारून बांधावर चढले. पायांची खोल भोकं वाफ्यात उमटली. तिने ती फावड्याने बुजवली आणि शेवटच्या वाफ्याचं तोंड फोडलं. पाणी आत शिरलं, हळूहळू सरकत निघालं. लांबून पाटकऱ्याची हाक आली, पाळी झाली. पाटात मागे होतं तेवढंच पाणी आता येणार होतं.

“पुरनं का, आक्का?” भाऊजींनी विचारलं.

पाणी वाफ्याच्या अर्ध्यावर आलं, थांबल्यासारखं झालं, मग पुन्हा सरकलं. पलीकडच्या बांधाची माती काळी होईपर्यंत ती बघत राहिली.

“पुरी राह्यनं,” ती म्हणाली, आणि वाफ्याचं तोंड बांधून टाकलं.